हातगाडीवरचा चौकोन

भाजीच्या हातगाडीवर तराजूशेजारी टांगलेला काळा-पांढरा चौकोन पैशांसाठी जन्मलेला नाही. क्यूआर कोड तयार झाला जपानमध्ये, १९९४ साली, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. डेन्सो ही असे भाग बनवणारी कंपनी. तिथल्या खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड चिकटवलेले असत. अशा एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावतात. माहिती वाढत गेली तसे एकाच खोक्यावर अनेक बारकोड आले आणि कामगारांचा दिवस ते एकामागून एक वाचण्यातच जाऊ लागला. ही कटकट संपवण्याचं काम मासाहिरो हारा या अभियंत्याकडे आलं. हारांना ‘गो’ या पटावरच्या खेळाची आवड होती. जेवणाच्या सुट्टीत तो खेळताना, चौकटींवर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांमधून त्यांना वाट दिसली. माहिती आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून साठवली, तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावते. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात ७,०८९ अंक बसतात.

माहिती साठवणं त्या मानानं सोपं होतं. छापील मजकुराच्या गर्दीत नेमका चौकोन कुठला, हे यंत्राला झटकन कळणं अवघड होतं. म्हणून तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत चौकटी आल्या. त्यांच्या मधोमध कुठूनही रेघ मारली, तरी काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं हे पट्टे एकास एक, तीन, एक, एक याच प्रमाणात सापडतात. हे प्रमाण अंदाजानं ठरलेलं नाही. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासिकं, पत्रकं, खोक्यांवरची छपाई असा ढीगभर छापील माल तपासला आणि त्यात सहसा न आढळणारं प्रमाण निवडलं. कागद तिरका धरला काय किंवा उलटा धरला काय, यंत्र चुकत नाही. चौथा कोपरा मोकळा असल्यानं वरची बाजू कुठली तेही कळतं.

कारखान्यात तेल-वंगणाचे डाग पडणारच, हे धरून आणखी एक सोय केली होती. तीच माहिती गणिती रीतीनं थोडी जादा करून भरलेली असते. त्यामुळे चौकोनाचा जास्तीत जास्त तीस टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्या भागावरून मूळ मजकूर परत जुळवता येतो. जपानी कारखान्यातल्या वंगणासाठी केलेली ही तरतूद पुढे मंडईत, कोथिंबिरीच्या जुडीवरून निथळणाऱ्या पाण्यापुढे कामी आली. एकस्व अधिकार हातात असूनही कंपनीनं तो गाजवला नाही. ठरलेल्या मानकाप्रमाणे कोणीही क्यूआर कोड बनवावा, अशी मोकळीक दिली. या निर्णयाचं मोल आराखड्याइतकंच धरायला हवं. दर छाप्यामागे पैसे मोजावे लागले असते, तर हा चौकोन कारखान्याच्या फाटकाबाहेर फारसा पडला नसता.

पैशांशी त्याची गाठ चीनमध्ये पडली. तिथे २०११ पासून अलीपेनं क्यूआर कोडवरून पैसे घ्यायला सुरुवात केली. भारताची वाट वेगळी निघाली. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकारानं २००८ मध्ये राष्ट्रीय देयके महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, स्थापन झालं. त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. या संस्थेनं २०१० मध्ये एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तात्काळ पैसे पाठवणारी आयएमपीएस सेवा आणली. पैसे क्षणात पोचू लागले, पण पाठवण्यापूर्वीचा सोपस्कार तसाच राहिला. खातं क्रमांक, अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड, मग ‘लाभार्थी जोडा’ आणि बँक मंजुरी देईपर्यंत थांबा. घरभाडं पाठवायला हे ठीक. वीस रुपयांच्या मेथीसाठी एवढं कोण करणार?

११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआय या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेची सुरुवात झाली, तेव्हा आयएमपीएसचाच पाया ठेवून त्यावर नवा दर्शनी भाग चढवला गेला. खातं क्रमांकाची जागा लक्षात राहील अशा छोट्या पत्त्यानं घेतली. मोबाइल आणि त्यातलं सिम हीच अर्धी ओळख ठरली. नोंदणी करताना ॲप फोनमधून आपोआप एक संदेश पाठवतं, तो यासाठीच. उरलेली अर्धी ओळख म्हणजे चार किंवा सहा आकडी पिन. हा पिन टाकण्याचं पान एनपीसीआयचं असतं, त्यामुळे ॲप कोणाचंही असलं तरी त्याला पिन दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खातं एका बँकेत, ॲप दुसऱ्याच कंपनीचं आणि दुकानदाराचा चौकोन तिसऱ्याचा, असं असलं तरी व्यवहार होतो. चीनमध्ये जे दोन मोठ्या कंपन्यांच्या कुंपणात वाढलं, ते इथे सार्वजनिक रस्त्यासारखं बांधलं गेलं. तरीही काही काळ दुकानांच्या काउंटरवर चार कंपन्यांचे चार चौकोन असायचे. फक्त आपल्याच ॲपला चालणारे चौकोन नव्यानं काढू नयेत आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत बदलावेत, असं रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२० मध्ये बजावलं.

कार्ड घासण्याची यंत्रं २०१६ मध्ये देशभरात सुमारे १५ लाख होती. यंत्र म्हटलं की वीज आली, कागदाची गुंडाळी आली, बँकेची कागदपत्रं आणि दर व्यवहारामागचं कमिशन आलं. क्यूआर कोडनं ही मांडणीच उलटी केली. विकणाऱ्याकडे फक्त कागद, यंत्र विकत घेणाऱ्याच्या खिशात, आणि ते त्यानं आधीच घेतलेलं. त्या कागदावर गुपित असं काही नसतं. दुकानदाराचा पत्ता आणि नाव एवढंच. म्हणून तो उघड्यावर टांगला तरी चालतो. लोकांनी याला नावही आपल्या पद्धतीनं दिलं. ‘स्कॅनर आहे का?’ असं गिऱ्हाईक विचारतं आणि विक्रेता कागद पुढे करतो. स्कॅनर खरं तर गिऱ्हाइकाच्याच हातात असतो, पण बोलीभाषेला त्याची फिकीर नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मोबाइल इंटरनेट एकदम स्वस्त झालं, ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या, आणि ३० डिसेंबरला यूपीआयचं भीम ॲप आलं. एरवी दहा वर्षं घेणारी सवय चार महिन्यांत लागायला सुरुवात झाली.

पण एक दुखणं उरलं होतं, आणि ते विक्रेत्याच्या बाजूचं होतं. गिऱ्हाईक फोन पुढे करून ‘गेले बघा’ म्हणतं. विक्रेत्याचे हात ओले, समोर पाच माणसं उभी, फोन गल्ल्याखाली. बँकेचा संदेश उशिरा येतो, कधी येतच नाही. जुन्या व्यवहाराचं चित्र दाखवून फसवणारेही निघाले. यावर २०१९ च्या सुमारास उत्तर आलं ते साउंडबॉक्सच्या रूपानं. प्लास्टिकचा डबा, आत एक सिम, एक बॅटरी, एक स्पीकर. पैसे जमा झाल्याचा निरोप थेट सर्व्हरकडून येतो आणि डबा मराठीत रक्कम सांगतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. पावती डोळ्यांकडून कानांकडे आली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळते आणि आजूबाजूच्या चौघांनाही ऐकू जाते. या सगळ्या प्रवासातली सर्वांत अस्सल कल्पना कोणती, असं विचारलं तर बोट या डब्याकडेच दाखवावं लागेल. त्यात नवं तंत्रज्ञान नावालाही नाही. घराणं पाहिलं तर ते रेडिओचंच.

आराखड्यातली सर्वांत मोठी चूकही याच सेवेत सापडते. यूपीआयमध्ये पैसे पाठवता येत, तसे ‘मागता’ही येत. मागणी मंजूर करायला पिन टाकावा लागे, आणि पडद्यावरचं पान पैसे पाठवतानाच्या पानासारखंच. जुनं कपाट विकायला काढलेल्या माणसाला फोन येई, ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका.’ तो पिन टाके आणि त्याच्याच खात्यातून रक्कम जाई. येणं आणि जाणं या दोन उलट गोष्टींना एकच खूण दिल्याचा हा परिणाम. लोक अडाणी म्हणून फसले, असं म्हणणं अन्यायाचं आहे. चूक दार बांधणाऱ्याची होती. व्यक्तींनी व्यक्तींकडे अशी मागणी करण्याची सोय एनपीसीआयनं अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. उघड्यावरच्या कागदावर रात्रीतून दुसराच कागद चिकटवण्याची चोरी मात्र अजून होते. त्यावर साउंडबॉक्स हाच राखणदार; डबा बोलला नाही की विक्रेत्यानं ओळखायचं.

साध्या फोनवरून यूपीआयनं पैसे देण्याची सोय मार्च २०२२ मध्ये आली आणि लहान रकमांसाठी पिनशिवायची सोय त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला या व्यवहारांवर शुल्क नाही, त्यामुळे खर्च शेवटी कोणी सोसायचा हा वाद चालूच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी प्रथमच १,००० कोटींचा आकडा ओलांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो २,००० कोटींवर गेला.

पिन लागतो तो पैसे देण्यासाठी; घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. तरीही फसगत झालीच, तर तक्रारीसाठी देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक १९३० आहे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.