गाणं कुणाच्या नावावर?
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतल्या रॅप गायिकेचं आपल्या अभ्यासवर्गात काय काम, असं सकाळपासून दोघी-तिघींनी मला विचारलं. रॅप म्हणजे तालावर यमकं जुळवत झपाझप बोलत जाणं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब, काळ्या आणि लॅटिन वस्त्यांमधून ते वर आलं. पुढे त्याचा मोठा बाजार झाला आणि बाईला शिव्या घालणारी गाणी त्यात उदंड झाली. तेव्हा तुमची नाराजी मला समजते. पण याच बाजारात एका बाईनं स्वतःच्या नावावर एक अल्बम काढला, लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि तरी ‘हे खरंच तिचं का?’ हा प्रश्न तिचा पिच्छा सोडेना. मला त्या प्रश्नाबद्दल बोलायचंय.

लॉरिन हिल न्यू जर्सीची. ‘फ्यूजीज’ या त्रिकुटात ती दोन पुरुषांबरोबर गायची, रॅप करायची. १९९६ चा त्यांचा ‘द स्कोर’ जगभर खपला. मग २५ ऑगस्ट १९९८ ला तिचा एकटीचा अल्बम आला, ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. ती तेव्हा २३ वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ४ लाख २० हजारांवर प्रती गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये ग्रॅमीची १० नामांकनं आणि त्यातले ५ पुरस्कार मिळाले. वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम हा मान हिप-हॉपला पहिल्यांदाच मिळाला, तो एका बाईमुळे. त्याच रात्री तिला ‘नवोदित कलाकार’ म्हणूनही गौरवलं! दोनच वर्षांपूर्वी तिच्या गटाला ग्रॅमी मिळालेलं होतं. दोन पुरुषांच्या मधून बाहेर पडली, तेव्हा कुठे ती परीक्षकांना दिसली म्हणायची.

अल्बमचं नाव कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकाराच्या १९३३ च्या पुस्तकावरून सुचलेलं आहे. शाळा काळ्या माणसाला स्वतःलाच कमी लेखायला कशी शिकवते, हा त्या पुस्तकाचा विषय. अल्बमची सुरुवात वर्गातल्या हजेरीनं होते. मास्तर एकेक नाव पुकारतात, लॉरिन हिलचं नाव येतं, उत्तर येत नाही. पुढे गाण्यांच्या अधेमधे तो वर्ग चालूच राहतो. मुलं-मुली प्रेम म्हणजे काय यावर वाद घालतात. ते मास्तर म्हणजे रास बराका, जे २०१४ साली न्यूअर्क शहराचे महापौर झाले.

‘टू झायन’ हे गाणं तिनं पहिल्या मुलासाठी केलं. दिवस गेले तेव्हा आजूबाजूचे लोक तिला सांगत होते, डोकं चालव, करिअरचा विचार कर. तिनं मूल ठेवलं आणि ते गाण्यात सांगितलं. गर्भपाताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गाणं अडचणीचं वाटू शकतं. मला वाटत नाही. बाजाराच्या सोयीसाठी पोट रिकामं कर म्हणणं आणि घराण्याच्या सोयीसाठी मूल होऊ दे म्हणणं, दोन्हीकडे निर्णय बाईच्या हातून काढूनच घेतला जातो. शिवाय हा अल्बम पुरा होत असताना ती दुसऱ्यांदा गरोदर होती, हेही लक्षात घ्या.

‘डू वॉप’ या गाण्याशी मात्र माझं भांडण आहे. त्यात एक कडवं बायकांना उद्देशून आणि एक पुरुषांना. पुरुषांना ती चांगलं झाडते. पण बायकांच्या कडव्यात कपडे, उसने केस, चालचलणूक यांवर जे ऐकवते, ते ऐकताना मला घरातल्या वडीलधाऱ्या बायकाच आठवतात: नीट राहा, मग कोणी वाकडं बघणार नाही. हेच गाणं अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. बाईनं बाईला शिकवलेलं शहाणपण समाज नेहमीच आनंदानं ऐकून घेतो.

आता मुख्य मुद्दा. अल्बमवर छापलं होतं की लेखन, संगीतरचना, निर्मिती, गायन सगळं लॉरिन हिलचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘न्यू आर्क’ नावाच्या गटातल्या चार संगीतकारांनी दावा लावला: आम्हीही गाणी रचली, आमचं नाव योग्य जागी नाही. २००१ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. २०१८ साली रॉबर्ट ग्लास्पर या पियानोवादकानं रेडिओवर पुन्हा तसेच आरोप केले. तिनं लांबलचक लेखी उत्तर दिलं.

आपण घाईनं बाजू घेऊ नये असं मला वाटतं. पुरुष निर्मात्याच्या हाताखाली दहा वादक राबले, तरी तो प्रतिभावंत. बाईनं तेच केलं की ‘मागे कोण आहे?’ अशी चौकशी सुरू होते. म्हणून सगळं श्रेय आपल्या नावावर लिहून घ्यावंसं तिला वाटलं असेल, तर ते मला कळतं. पण ती चार माणसंही काळी, कष्टाची, बिननावाची होती. घरातल्या बाईचे श्रम मोजले जात नाहीत म्हणून वर्षानुवर्षं ओरडणाऱ्या आपण, स्टुडिओतल्या माणसांचे श्रम मोजायचे नाहीत असं कसं म्हणणार? आपलीच उदाहरणं घ्या. शिबिरात रात्री बसून दहा जणी गाणं जुळवतात, पुस्तिकेत छापताना एकीचं नाव येतं किंवा कुणाचंच येत नाही. यावर आपण बैठकीत कधी बोललोय?

दुसरा स्टुडिओ अल्बम तिनं आजवर काढलेला नाही. २००२ मध्ये एकटी गिटार घेऊन केलेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण निघालं, त्यात ती गाता गाता रडते. बऱ्याच समीक्षकांनी ते झोडपलं. कर थकवल्याबद्दल २०१३ साली तीन महिने तुरुंगवासही झाला. सहा मुलांची आई आहे. ‘पुढचा अल्बम का नाही?’ या प्रश्नाला तिनं २०२१ मध्ये दिलेलं उत्तर मला फार बोलकं वाटलं: दुसरा अल्बम करायला तुला काय मदत करू, असं कंपनीतल्या कुणीही कधी फोन करून विचारलं नाही. त्याच वर्षी या अल्बमनं अमेरिकेत १ कोटीचा टप्पा गाठल्याचं जाहीर झालं. २०२४ मध्ये ॲपल म्युझिकनं १०० सर्वोत्तम अल्बमची यादी केली, त्यातही पहिला हाच.

आता चहा घेऊ. नंतर मी चौथं आणि पाचवं गाणं, म्हणजे ‘टू झायन’ आणि ‘डू वॉप’, लागोपाठ लावणार आहे. शब्दांचा मराठी मतलब फळ्यावर लिहिलाय. गटांत बसा, आणि पुस्तिकेवर कुणाकुणाची नावं घालायची त्याचा विषयही आजच घेऊ.