ग्राफिक की वेब? मुलीच्या क्लाससाठी कर्ज घेण्याआधी
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



हल्ली गटांच्या कर्जमागणीत शेळी, शिलाई मशीन, बियाण्याच्या जोडीला एक नवं कारण दिसतंय, 'मुलीचा डिझाईनचा क्लास'. चांगलंच आहे. पण कुठला क्लास म्हणून विचारलं की उत्तर येतं, "कॉम्प्युटरचा आहे. ग्राफिक का वेब, एकच ना ते?" एकच नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

लोणच्याच्या बरणीवरचं लेबल, लग्नपत्रिका, चौकातला फ्लेक्स, हे सगळं ग्राफिक डिझाईन. रंग, अक्षर, चित्र यांची मांडणी. पण एकदा छापलं की छापलं, चूक राहिली तर हजार लेबलं वाया. त्यामुळे छपाईची जाण लागते. स्क्रीनवरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही, कारण स्क्रीन लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळते आणि छपाई बहुतेक वेळा चार शाईंवर चालते. पापडाचं लेबल असेल तर शाकाहारीची हिरवी खूण, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, वजन, तारीख, सगळ्याला जागा ठेवावी लागते. आणि मराठी! वेलांट्या निसटलेले, जोडाक्षरं फुटलेले फ्लेक्स आपण रोज बघतो. ज्या मुलीचं मराठी शुद्ध आणि जिला श्रीलिपी, युनिकोड दोन्हींत टायपिंग जमतं, तिला तालुक्याच्या प्रेसमध्ये काम मिळायला सोपं जातं, असं माझं मत. एआय चित्र पटकन काढून देतं, पण त्यातली मराठी तपासायला माणूसच लागतो.

वेब डिझाईन म्हणजे वेबसाइटची पानं बनवणं. मांडणी तिथेही आहे, पण सोबत संगणकाच्या भाषा येतात. घराच्या हिशेबाने सांगते: एचटीएमएल म्हणजे भिंती, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी, जावास्क्रिप्ट म्हणजे लाईट फिटिंग, बटण दाबलं की काहीतरी होतं. एक कंस राहिला तरी पान अडतं, आणि तो शोधत तासभर बसावं लागतं. चिकाटी नसेल तर मुलगी वैतागते. फायदा असा की वेबसाइटचं नाव दरवर्षी-दोन वर्षांनी पैसे भरून चालू ठेवावं लागतं, मजकूर बदलत राहतो, म्हणजे गिऱ्हाईक टिकतं. काम पुण्याचं असो की नाशिकचं, गावात बसून करता येतं. लग्नानंतर गाव बदललं तरी काम सोबत जातं. मात्र लॅपटॉप आणि धड नेट हवंच. ग्राफिकची सुरुवात मोबाइलवर कॅनव्हाने होते, नंतर कोरलड्रॉसाठी कॉम्प्युटर लागतोच.

मग निवडायचं कसं? कर्जाआधी मुलीला दोन्हींची चव घेऊ द्या. गटाच्या पापडाचं लेबल नव्याने करायला सांगा. आणि कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये एचटीएमएलचं एक पान लिहू द्या, त्याला पैसे लागत नाहीत. कुठल्या कामाला बसल्यावर तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागते, ते बघा. मैत्रीण कुठे गेली ते नको.

आता पैशाचं. समजा फी 30 हजार आणि गटाचं व्याज महिना दोन टक्के, तर पहिल्याच महिन्याचं व्याज 600 रुपये. म्हणून आधी आयटीआयमध्ये चौकशी करा. कोपा हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो, त्यात एचटीएमएलची ओळख होते. आरसेटीचं प्रशिक्षण मोफत असतं, आपल्या जिल्ह्यात यंदा कुठले वर्ग आहेत ते विचारा. खासगी क्लासच लावायचा तर मुलीला घेऊन जा. प्रत्येकीला वेगळा कॉम्प्युटर आहे का, मागच्या बॅचचं काम दाखवतात का, फी हप्त्याने घेतात का, हे विचारा. 'तीन महिन्यांत दोन्ही शिकवू, नोकरीची हमी' असं म्हणाले तर चहा पिऊन परत या.

आणि कर्जातून लॅपटॉप घेतलात तर पावती मुलीच्या नावाने करा. नाहीतर लॅपटॉप भावाकडे जातो नि हप्ते आई भरत बसते.

ज्यांच्या गटात असा अर्ज आलाय त्यांनी बैठकीनंतर थांबा. मुलीला फोन लावू, तिचं काय म्हणणं आहे ते तिच्याकडूनच ऐकू.