बोअर घेताना थरांची नोंद ठेवा



जमिनीच्या वरच्या अंगाची नोंद सात-बाऱ्यावर असते. खालच्या अंगाची मात्र आपल्यापैकी फार थोडे जण ठेवतात.

२०१८ च्या दुष्काळात मी ज्या गावी नेमणुकीला होतो, तिथं दोन सख्ख्या भावांनी बोअर घेतले. थोरल्याच्या बोअरला १८० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. महिन्याभरानं धाकट्यानं तिथून चाळीस पावलांवर गाडी लावली, तोही कोरडा. पैसा घरातलं सोनं गहाण टाकून उभा केलेला. मग कळलं, बांधापलीकडच्या शेजाऱ्याचा बोअर सहा वर्षांपूर्वी असाच गेला होता. पण बोलाचाली बंद! आणि गाडीवाल्याच्या वहीत फूट आणि रक्कम एवढंच. मीही आधी चौकशी केली नव्हती, हे कबूल करतो.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या खडकाचा आहे. वर मुरूम, खाली मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण, मधेच लाल गेरूचा पट्टा, की पुन्हा तेच. पाणी राहतं मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. भेग चाळीस पावलांवर बदलते, म्हणून एका बोअरवरून काही ठरत नाही. पण शिवारातल्या वीस बोअरच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या, तर कोणता थर किती खोल आहे ते बऱ्यापैकी दिसू लागतं.

हे काम सरकारी पातळीवर चालू आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते; तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. केंद्रीय भूजल मंडळानं २०१२ पासून देशभर भूजलधारक थरांचे नकाशे करायला घेतले. ब्रिटनमध्ये तर पाण्यासाठी पन्नास फुटांहून खोल बोअर घेतला, की त्याची माहिती राष्ट्रीय भूशास्त्र संस्थेला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं दहा लाखांवर नोंदी जमल्या आहेत. आपल्याकडे खासगी बोअरची माहिती बहुधा गाडीबरोबरच गावाबाहेर जाते.

नोंदी जुळायच्या तर माप एक हवं. "दीड इंच पाणी लागलं" यावरून कुणाला काय कळणार? दोनशे लिटरचं पिंप चार मिनिटांत भरलं, तर तासाला तीन हजार लिटर, असं लिहा. थराचंही तसंच. एक जण मांजऱ्या म्हणतो, दुसरा त्यालाच मुरूम म्हणतो. म्हणून दर दहा फुटांना निघालेला चुरा मूठभर घेऊन पिशवीत भरा आणि वर खोली लिहा. पहिलं पाणी कितीवर लागलं, केसिंग पाईप किती फूट घातला, तारीख, गट नंबर, आणि मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, एवढं वहीत हवंच. गाडी तासाला पुढं सरकते, तेव्हा माणूस तिथं बसवा. संध्याकाळी आठवून लिहिलेलं कामाचं नाही.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात द्या. कोरड्या बोअरचीही द्या, त्यात लाजायचं काही नाही. पिशव्या उन्हापावसापासून जपून, माळ्यावर ठेवा.