आधी कुणाकडे धावायचं?

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून माणसं नुकतीच झोपली होती. किल्लारी-सास्तूर भागात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती, माळवदं अंगावर आली. सुमारे १० हजार जीव गेले.

अशा वेळी गावचा दवाखानाही गावासोबतच कोसळतो. नर्सबाईंची स्वतःची लेकरं ढिगाऱ्याखाली असू शकतात. म्हणून किल्लारीसाठीची तयारी देवणी, उदगीर, निलंगा इथल्या दवाखान्यांत आधीच झालेली हवी.

तयारी म्हणजे नुसता औषधांचा साठा नव्हे. एरवी डॉक्टर एका रोग्यासाठी जिवाचं रान करतो. आपत्तीत हात दोन आणि जखमी पन्नास! तेव्हा आधी निवड करावी लागते. तिला ट्रायज म्हणतात. चालता येतं त्याला हिरवी चिठ्ठी. श्वास मिनिटाला तिसाच्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधं सांगितलेलं कळत नाही, त्याला लाल. त्याच्यावर उपचार आधी. थोडं थांबू शकेल त्याला पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नाही, त्याला काळी.

मोठ्यानं ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं असतं. रडणारं लेकरू ओलांडून पुढं जाणं, कुणाला काळी चिठ्ठी बांधणं, हे पुस्तक वाचून जमत नाही. मन आणि हात दोन्ही घडवावे लागतात.

आणखी एक. तुळईखाली तासन् तास दबलेला पाय मोकळा झाला, की चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरतात. हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून जमेल तिथं तुळई उचलण्याआधीच सलाईन सुरू करायचं असतं. हे जाणणारं माणूस ढिगाऱ्याशी हवं.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला आराखडा आवश्यक केला. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका आली. चांगलंच झालं. पण आराखडा कपाटात राहतो आणि संकट दारात येतं. म्हणून दरवर्षी तालुक्याच्या दवाखान्यात रंगीत तालीम व्हावी. त्यात डॉक्टर, परिचारिका, आशाताई, चालक, शिपाई सगळे असावेत. आणि ती भरदुपारी, पाहुण्यांसमोर नको. अपरात्री व्हावी, दिवे घालवून. भूकंप कचेरीची वेळ पाहून येत नाही.