दोन नोकऱ्या, एक सही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी विदुषी बाई येऊन आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणच्याच्या प्रमाणावर बोला म्हटले असते तर बरे वाटले असते. पण त्या म्हणाल्या, "तुमची पुतणी विमान चालवते, त्याविषयी बोला." विमान कसे चालते ते मला ठाऊक नाही. परंतु एकाच आठवड्यात तिला दोन कंपन्यांची पत्रे आली आणि त्यांतून एक निवडायची वेळ आली, ते मी जवळून पाहिले आहे. तेवढेच सांगते. आपल्या मुलीही आज ना उद्या अशा दोन कागदांपुढे बसतील, म्हणून सांगणे.

बाईने विमान चालवावे यात आता नवल राहिलेले नाही. सरला ठकराल यांनी १९३६ साली एकटीने विमान उडवले. आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले, तेव्हा त्या विमानात काम करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. वाट त्यांनी केली. आता प्रश्न आहे तो त्या वाटेवर पोट भरण्याचा आणि कर्ज फेडण्याचा.

कर्ज शब्द मुद्दाम वापरला. पोटासाठी विमान चालवण्याचा परवाना मिळायला निदान २०० तास उड्डाण करावे लागते, आणि त्या तासांना पैसा पाण्यासारखा लागतो. आमच्या धाकट्या भावजींनी त्यासाठी राहते घर बँकेकडे गहाण ठेवले. परवाना हाती आला तरी काम होत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते. त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. म्हणजे स्कूटरचा परवाना ट्रकला चालत नाही, तसे.

पहिले पत्र मोठ्या कंपनीचे. विमान एअरबस ए-३२०, पावणेदोनशेच्या वर माणसे बसतात. मुक्काम दिल्ली. पगार उत्तम. पण टाइप रेटिंगचा खर्च मुलीने करायचा, वीस लाखांच्या आसपास, आणि वर पाच वर्षांचा बाँड. दुसरे पत्र लहान कंपनीचे. विमान एटीआर, पंख्याचे, सत्तरएक माणसांचे. मुक्काम हैदराबाद. पगार कमी. शिक्षणाचा खर्च कंपनीचा, आणि बाँड तीन वर्षांचा. उत्तर सात दिवसांत हवे.

घरात तीन मते झाली. भावजी म्हणाले, मोठी कंपनी, मोठा पगार, कर्ज लवकर फिटेल. धाकटी जाऊ म्हणाली, दिल्ली लांब, हैदराबादला निदान रात्रीच्या गाडीने जाता येईल. मुलीचे मन मोठ्या विमानावर. दोन स्थळे एकदम सांगून यावीत आणि घरातल्या प्रत्येकाने वेगळ्याच्या बाजूने बोलावे, तसे झाले. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, तू कोणाच्या बाजूने?" मी म्हटले, "मी कोणाच्याच बाजूने नाही. दोन्ही पत्रे वाच आणि मला मराठीत सांग."

जुन्या कॅलेंडरच्या पानामागे दोन रकाने आखले आणि एकेक विचारत गेलो.

पहिला प्रश्न पगाराचा. पत्रातला आकडा पहिल्या महिन्यापासून मिळतो का? नाही. शिक्षणाच्या महिन्यांत दोन्हीकडे नुसते विद्यावेतन. पुढे काही रक्कम ठरलेली, काही उडालेल्या तासांवर. आपण धंद्यात सगळ्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर वाणसामान भरत नाही. म्हणून ठरलेली रक्कम तेवढीच रकान्यात धरली, आणि त्यातून खोलीभाडे, जेवण आणि बँकेचा हप्ता वजा केला. दिल्लीच्या रकान्यात वीस लाखांच्या नव्या कर्जाचा हप्ताही आला. तो धरल्यावर दोन्ही पगारांत पहिली काही वर्षे थोडाच फरक उरला.

दुसरा प्रश्न कॅप्टन केव्हा होणार. लहान कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले होते, "दोन वर्षांत." मुलीने हिशेब केला. कॅप्टन व्हायचा मोठा परवाना १५०० तासांनी मिळतो. तिच्याजवळ २०० होते. वर्षाला ७०० तास मिळाले तर दोन वर्षांत भरतील, आणि कायद्याने वर्षाला १००० च्या वर उडताच येत नाही. पण तास भरले म्हणजे खुर्ची मिळाली असे नव्हे. परीक्षा असतात, जागा रिकामी असावी लागते, आणि बहुतेक कंपन्यांत ज्येष्ठतेची यादी असते. कंपनी बदलली की त्या यादीत पुन्हा तळाला. मी म्हटले, "दोन वर्षांचे ते लिहून मागव." तिने पत्र धाडले. उत्तर आले, पण त्यात वर्षांचा आकडा नव्हता. भगिनींनो, तोंडी शब्द आणि कागदावरचा शब्द यांतले अंतर आपण देण्याघेण्याच्या बैठकींत पुष्कळ पाहिले आहे. तो आकडा आम्ही पानावरून खोडला.

तिसरा प्रश्न सुटकेचा. सोडायचे झाल्यास किती भरायचे? आजारी पडून परवाना थांबला तर? वैमानिकाची वैद्यकीय तपासणी दरवर्षी होते, आणि तीत नापास झाले की उड्डाण बंद. मोठ्या कंपनीच्या कागदात त्या वेळी बाँड माफ आहे की नाही याचा एक शब्द नव्हता. लहान कंपनीच्या कागदात माफ असे स्पष्ट लिहिले होते. शिवाय नोकरी सोडताना सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने वर्षभर आधी कळवावे, असा नियम सरकारी विमान खात्याने २०१७ साली केला आहे, हेही तिने सांगितले.

चौथा प्रश्न विचारायला तिचे वडील लाजले, म्हणून मी विचारला. उद्या लग्न झाले, दिवस राहिले, तर काय? बाळंतपणाची भरपगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. पण गरोदरपणी उड्डाण थांबल्यावर जमिनीवरचे काम देता का, आणि त्या दिवसांत तासांवरचा पगार बुडतो का, हे कंपनीला विचारलेच पाहिजे. मुलीने दोघांनाही विचारले. दोघांनीही नीट उत्तर दिले. विचारण्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

पाचवा प्रश्न सर्वांत जड. कंपनीच बुडाली तर? ही काल्पनिक भीती नव्हे. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. जेटच्या माणसांचे तर महिनोन्‌महिन्यांचे पगार अडकले. या बाबतीत मोठी कंपनी भक्कम आणि लहान कंपनी कच्ची, हे उघड होते. भावजी म्हणाले, "वहिनी, मग प्रश्नच मिटला."

तेव्हा मुलगीच बोलली. म्हणाली, "बाबा, लहान कंपनी बुडाली तर माझे काय जाईल? नोकरी जाईल. पण उडालेले तास माझ्या वहीत राहतील, ते कोणी काढून घेत नाही. मोठ्या कंपनीत जाऊन मी आजारी पडले तर कंपनी राहील, पण वीस लाख आणि बाँड डोक्यावर, आणि घर आधीच गहाण. मला ते घर दोनदा पणाला लावायचे नाही."

त्या वाक्याला घरात कोणाजवळ उत्तर नव्हते. तिने हैदराबादच्या कागदावर सही केली. मोठे विमान हातचे गेले याचे तिला वाईट वाटले, तेही तिने लपवले नाही.

कोणी म्हणेल, तर मग लहान कंपनीच चांगली. तसे मुळीच नाही. जिच्या घरावर कर्ज नाही, तिने कदाचित मोठ्या विमानाचीच वाट धरावी. पुढे परदेशी जायचे असेल तर जेट विमानाचे तास अधिक मोलाचे ठरतात. प्रत्येकीचे पान वेगळे निघेल. सगळे ठीक चालले तर कोण जास्त देते, एवढेच आपण पाहतो. ठीक चालले नाही तर आपल्या हाती काय उरते, हेही पाहावे, इतकेच माझे म्हणणे.

ती गेले सव्वा वर्ष उडते आहे. हप्ते वेळेवर जातात. निवड बरोबर की चूक, ते दहा वर्षांनी कळेल. पण ती तिची आहे आणि डोळे उघडे ठेवून केलेली आहे.

आपण थोरांनी काय करावे? मत देण्याची घाई करू नये. प्रश्न विचारावेत. विमानातले आपल्याला कळत नसेल, पण बाँड, गहाण, हप्ता आणि तोंडी वचन हे शब्द आपण जन्मभर ऐकत आलो आहोत. तेवढ्या शहाणपणाची मुलींना गरज आहे. सही मात्र त्यांची त्यांना करू द्यावी.

कोणाच्या घरी असा कागद आला आणि वाचायला सोबत हवी असली, तर मंगळवारी दुपारी मी मंडळात असते. जुनी कॅलेंडरे माझ्याजवळ पुष्कळ आहेत.