टॉम मॅकार्थी : चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही



'२०१२' नावाचा हॉलिवूडपट आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी टीव्हीवर पाहिला असेल. पृथ्वी दुभंगते, शहरं समुद्रात जातात आणि नायक बायकापोरांना घेऊन पळत सुटतो. त्यात नायकाच्या घटस्फोटित बायकोचा नवा जोडीदार आहे, गॉर्डन नावाचा प्लास्टिक सर्जन. विमान चालवण्याचे दोन-चार धडे घेतलेत, तेवढ्या भांडवलावर तो सगळ्यांना घेऊन उडतो. शेवटी जहाजाच्या दातेरी चाकांत सापडून मरतो बिचारा. आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याची कुणाला आठवणही राहत नाही, ना पडद्यावरच्यांना, ना आपल्याला.

गॉर्डनचं काम करणारा नट म्हणजे टॉम मॅकार्थी. '२०१२' आला २००९मध्ये. त्यानंतर सहा वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०१६ला, त्याने दिग्दर्शित केलेल्या 'स्पॉटलाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

मी या माणसापर्यंत उलट्या वाटेने पोचलो. आधी 'स्पॉटलाइट' पाहिला. त्या रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण पुढे येईल. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक कोण म्हणून शोधलं, फोटो पाहिला आणि म्हटलं, अरे, हा तर आपला गॉर्डन!

चरित्र अभिनेता म्हणजे काय, हे मी आमच्या भाषेत सांगतो. पलटणीत सीओ साहेबांच्या खालोखाल एक टू-आय-सी असतो. निर्णय त्याचा नसतो, नाव त्याचं होत नाही. पण साहेब कुठे चुकतायत हे सगळ्यांत जवळून त्याला दिसत असतं. काही टू-आय-सी त्या वर्षांत कुढतात, काही शिकतात. मॅकार्थी दुसऱ्या जातीचा.

जन्म १९६६चा, न्यू जर्सीतला. बोस्टन कॉलेजमधून पदवी, मग येल विद्यापीठात नाट्यशिक्षण. त्यानंतर टीव्ही मालिका, छोट्या भूमिका. हे सगळं शेकडो नटांचं असतं, त्यात मी वेळ घालवत नाही.

पहिला सिनेमा 'द स्टेशन एजंट', २००३चा. जेमतेम पाच लाख डॉलरच्या आसपास खर्च, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचे पैसे. गोष्ट अशी : फिन नावाचा ठेंगणा माणूस, उंची साडेचार फुटांच्या आत. रस्त्याने जाताना लोक टक लावून बघतात, हसतात. त्याला माणसंच नकोशी झालीत, जीव रमतो तो फक्त रेल्वेगाड्यांत. वारसाहक्काने न्यू जर्सीतल्या एका आडगावातलं जुनं, बंद पडलेलं स्टेशन त्याला मिळतं आणि तो तिथे राहायला जातो. शेजारी खाण्याची गाडी लावणारा एक बडबड्या तरुण, आणि मुलगा गेल्याच्या दुःखात असलेली एक बाई. तिघं रुळांवरून चालत राहतात. बस, एवढंच.

फिनचं काम पीटर डिंकलेजने केलंय. तोच, जो पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळे घराघरांत पोचला. मॅकार्थी त्याला नाटकापासून ओळखत होता. एरवी अशा उंचीच्या नटाला काय कामं मिळायची? परीकथेतला बुटका, नाहीतर सर्कशीतला विदूषक. मॅकार्थीने त्याला नायक केलं आणि त्याच्या उंचीवर एकही स्वस्त विनोद केला नाही. सनडान्स महोत्सवात या सिनेमाला पटकथेचं आणि प्रेक्षकांचं, अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली. जाता जाता सांगतो, त्याच 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला नमुना-भाग मॅकार्थीनेच दिग्दर्शित केला होता. तो जमला नाही. दुसऱ्या दिग्दर्शकाकडून बहुतेक सगळा पुन्हा चित्रित करून घेतला.

नट असलेला दिग्दर्शक नट निवडतो कसे, हे बघण्यासारखं आहे. दुसरा सिनेमा 'द व्हिजिटर', २००७चा. त्यात नायक म्हणून त्याने रिचर्ड जेंकिन्सला घेतलं. हा आयुष्यभर दुय्यम भूमिका केलेला माणूस, तेव्हा साठीचा. कनेक्टिकटमधला एक विधुर प्राध्यापक, वीस वर्षं तेच ते शिकवून आतून वाळलेला. न्यूयॉर्कमधल्या आपल्या बंद घरात तो येतो, तर तिथे कुणीतरी फसवून भाड्याने दिल्यामुळे राहणारं जोडपं : तारिक हा सीरियाचा, झैनब सेनेगलची. तारिक जेंबे नावाचा आफ्रिकी ढोल वाजवतो आणि प्राध्यापकालाही शिकवतो. मग एके दिवशी भुयारी रेल्वेच्या स्टेशनात पोलीस तारिकला पकडतात, कागदपत्रं नाहीत म्हणून. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण शेवटी तो प्राध्यापक एकटाच स्टेशनात ढोल घेऊन बसतो, तेव्हा त्याच्या हातांकडे बघा. जेंकिन्सला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

तिसरा 'विन विन', २०११चा. पॉल जियामाटी वकील आहे, संध्याकाळी शाळेच्या मुलांना कुस्ती शिकवतो. पैशाची चणचण. एका विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या अशिलाचं पालकत्व तो कोर्टाकडून मागून घेतो. सांगतो की मी याला याच्या घरीच ठेवीन. मग महिना १,५०८ डॉलरचं मानधन खिशात घालतो आणि म्हाताऱ्याला टाकतो वृद्धाश्रमात. माणूस वाईट नाही हो. तुमच्या-माझ्या कॉलनीत राहणारा, सोसायटीच्या मीटिंगला येणारा. छोटी सही, छोटं खोटं. त्या आकड्यातले ते वरचे आठ डॉलर मला विसरता येत नाहीत.

मधल्या काळात लेखणीही चालू होती. पिक्सारच्या 'अप'च्या कथेत त्याचा वाटा आहे आणि त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं. आपल्या जवळचा सिनेमा म्हणजे 'मिलियन डॉलर आर्म', २०१४चा, त्याची पटकथा मॅकार्थीची. उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही दोन मुलं, लखनौला भालाफेक शिकणारी, बेसबॉलचा चेंडू कधी हातात न धरलेली. एका स्पर्धेतून निवडली जाऊन अमेरिकेत गेली आणि २००८मध्ये पिट्सबर्गच्या संघाशी करारबद्ध झाली. गोष्ट खरी आहे. सिनेमा मात्र गोडगोड आहे, आणि मुलांपेक्षा त्यांना शोधणाऱ्या अमेरिकन एजंटचाच जास्त. दिग्दर्शन त्याचं नव्हतं, एवढं म्हणून मी सोडून देतो.

आता मुद्द्याकडे येतो.

दिग्दर्शक झाल्यावरही मॅकार्थीने नटाचं काम सोडलं नाही, आणि त्या काळातल्या त्याच्या तीन भूमिका ओळीने मांडल्या की मला गंमत वाटते. २००५चा 'गुड नाइट, अँड गुड लक' : सिनेटर मॅकार्थीला (आडनाव तेच, नातं काही नाही) टीव्हीवरून आव्हान देणाऱ्या एडवर्ड मरोच्या वार्ताहर चमूतला एक. २००६चा, क्लिंट ईस्टवुडचा 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' : इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा जणांचा तो जगप्रसिद्ध फोटो आहे ना, २३ फेब्रुवारी १९४५चा? त्यातला एक समजला जाणारा नौदलाचा वैद्यकीय सहायक जॉन ब्रॅडली, त्याच्या मुलाची भूमिका. वडील युद्धाबद्दल घरात कधी बोलले नाहीत, म्हणून मुलगा म्हाताऱ्या सैनिकांना भेटत, ऐकत, लिहीत फिरतो. पडद्यावर मॅकार्थी जवळजवळ फक्त ऐकतो.

आणि तिसरी, २००८ची 'द वायर' या मालिकेतली. बाल्टिमोरमधल्या वर्तमानपत्राचा वार्ताहर स्कॉट टेम्पलटन. महत्त्वाकांक्षी. आधी एखादं वाक्य पदरचं घालतो, मग एखादा माणूस, मग अख्खी बातमी. सगळं माझ्या वहीत आहे म्हणतो. एक सहकारी ती वही उघडून बघते, तर कोरी. शेवटी काय? पुलित्झर पुरस्कार त्याच टेम्पलटनला, आणि त्याला पकडणाऱ्या संपादकाची पदावनती. ही मालिका लिहिणारा डेव्हिड सायमन स्वतः बाल्टिमोरचा जुना वार्ताहर, त्यामुळे आतली माहिती पक्की.

कोरी वही घेऊन फिरणाऱ्याचं काम ज्याने केलं, त्यानेच सात वर्षांनी 'स्पॉटलाइट' काढला. हा सिनेमा म्हणजे दोन तास भरत जाणाऱ्या वह्या. बोस्टन ग्लोब या वर्तमानपत्राचा चौघांचा शोधगट कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि चर्चने वर्षानुवर्षं केलेली झाकपाक उघड करतो. पहिली बातमी ६ जानेवारी २००२ची. त्या वर्षी या विषयावर सहाशेच्या घरात बातम्या छापल्या, आणि २००३मध्ये पुलित्झर मिळालं. हे खरं.

पडद्यावर काय दिसतं? चर्चच्या वार्षिक निर्देशिका घेऊन ही मंडळी बसतात. कुठला पाद्री कोणत्या वर्षी कुठे होता, कुणापुढे 'आजारपणाची रजा' लिहिलंय. ओळीखाली पट्टी धरून, एकेक नाव. आधी वाटतं तेरा जण असतील. एक जाणकार फोनवर सांगतो की हिशेबाने नव्वद असायला हवेत. आणि पट्टी सरकत सरकत सत्त्याऐंशीपर्यंत पोचते. पाठलाग नाही, मारामारी नाही. ज्यांनी कधी स्टोअरची लेजरं तपासली आहेत त्यांना या दृश्यात किती थरार आहे ते कळेल.

पण माझी झोप गेली ती दुसऱ्याच जागी. गटाचा प्रमुख रॉबी, काम मायकल कीटनने केलंय. शेवटाकडे कळतं की वीस पाद्र्यांची यादी एका वकिलाने १९९३मध्येच ग्लोबकडे पाठवली होती. तिची छोटीशी बातमी आतल्या पानात गेली आणि विषय संपला. त्या पानांचा संपादक तेव्हा कोण होता? रॉबी स्वतः. त्याला ते आठवतही नसतं. खोलीत सगळे गप्प होतात.

मंडळी, १९८०च्या दशकाच्या शेवटी मी पलटणीत ॲडज्युटंट होतो. दुर्गम भागातली नेमणूक. जवान पगारातले पैसे मनीऑर्डरसाठी एका क्लार्ककडे देत. एक दिवस एका जवानाच्या वडिलांचं आंतर्देशीय पत्र आलं : पोराचे पैसे चार महिने आले नाहीत, तो बरा आहे ना? पत्र मराठीत होतं. अधिकाऱ्यांत मराठी वाचणारा मी एकटा. मी मुलाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, साहब, भेजा है. मी विश्वास ठेवला नाही. कँटीनमध्ये उडवले असतील म्हणून झापलं, घरी पत्र लिही म्हणून दम दिला. आणि पत्रावर आद्याक्षरं करून ते फाइलला लावायला दिलं.

वर्षभराने त्या क्लार्कची लबाडी उघडकीला आली. चौकशी झाली, फाइल निघाली. त्यात तीन बापांची तीन पत्रं होती, आणि तिन्हींवर माझी आद्याक्षरं. उरलेली दोन मला आठवतही नव्हती. चौकशीत मला कुणी त्याबद्दल विचारलं नाही, मीही बोललो नाही. जवान तोवर दुसरीकडे बदलून गेला होता. मी त्याच्या वडिलांना मराठीत पत्र लिहिलं, चूक माझी होती म्हणून. एका ओळीचं उत्तर आलं : पैसे मिळाले, सर्व खुशाल. बाकी कशाचा उल्लेख नाही.

म्हणून म्हणतो, मॅकार्थीने रॉबीला तिथे नुसता शूर वीर ठेवून सिनेमा संपवला असता तर तो मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. 'विन विन'मधला वकील आणि हा संपादक एकाच मातीचे आहेत. दोघंही भले. दोघांनीही कधीतरी एक कागद पुढे सरकवला.

मात्र या माणसाची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. 'स्पॉटलाइट'मध्ये बोस्टन कॉलेजचे एक अधिकारी प्रकरण दाबण्याच्या बाजूने बोलताना दाखवलेत. लक्षात घ्या, हे मॅकार्थीचंच कॉलेज. त्या गृहस्थांनी जाहीर हरकत घेतली आणि २०१६च्या मार्चमध्ये, ऑस्कर मिळाल्यानंतर, सिनेमा वितरित करणाऱ्या कंपनीला मान्य करावं लागलं की त्यांच्या तोंडची ती वाक्यं काल्पनिक आहेत. वाक्य पदरचं घालणं म्हणजे काय, हे टेम्पलटनला विचारा. २०२१च्या 'स्टिलवॉटर'चं तेच. मार्सेयच्या तुरुंगात असलेल्या मुलीसाठी झगडणारा ओक्लाहोमाचा तेलविहीर-कामगार. मॅट डेमनने काम सुरेख केलंय. पण इटलीत खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटलेल्या अमांडा नॉक्सने जाहीरपणे विचारलं की माझ्या आयुष्यावरून प्रेरणा घेता आणि गोष्टीत मुलीचा गुन्ह्याशी संबंध जोडता, मग लोक माझ्याबद्दल काय समजणार? मला तिचं म्हणणं पटतं.

आणि तो झेंड्याचा फोटो. जून २०१६मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने अधिकृतपणे सांगितलं की त्या फोटोत जॉन ब्रॅडली नाहीच. त्याच दिवशी आधी एक छोटा झेंडा लावला गेला होता, त्या वेळी तो होता. ज्या मुलाने वडिलांसाठी पुस्तक लिहिलं, त्यालाच हे मान्य करायची वेळ आली. मॅकार्थीने जो माणूस पडद्यावर साकारला होता, तोच.

२०१४चा 'द कॉब्लर' बघू नका. चांभाराची दुकानदारी आणि जादू, काही जमलेलं नाही. तो आणि 'स्पॉटलाइट' एकाच माणसाने लागोपाठ काढले, याचा धीर मात्र जरूर घ्या. सुरुवात 'द स्टेशन एजंट'पासून करा, मग 'विन विन', मग 'स्पॉटलाइट'. 'द वायर'चे पाच सीझन आहेत, टेम्पलटन शेवटच्यात येतो, तेव्हा सवड काढूनच बसा. आणि टीव्हीवर '२०१२' लागलाच, तर गॉर्डन विमानाच्या खुर्चीत बसेपर्यंत चॅनेल बदलू नका.