चित्रातील कोयता

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या परिसरातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. हंगाम संपवून मूल वर्गात परतते, तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. मागे बसून ते स्वतःलाच 'ढ' ठरवते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले, ते परिसरातील पाने, बिया, शिंपले यांनाच शैक्षणिक साधने मानून. चित्रपुस्तकालाही हीच कसोटी लावावी. चित्र समजण्यास अक्षरओळख लागत नाही. पानावर कोयता, मोळी, कोपी दिसली की सांगण्याचा अधिकार त्या मुलाकडे येतो. गुरुजी व वर्ग ऐकतात. पुस्तकात केवळ बंगलाच असेल, तर ते मूल पुन्हा परकेच ठरते.

म्हणून केवळ पुस्तकांची मागणी अपुरी आहे. पुस्तकात श्रमिकाचे घर हवे आणि पुस्तक कपाटात नव्हे, मुलाच्या हाती हवे.